कलेतील आतिथ्य : नागपूर, मुंबई आणि पॅरिस यांमधील एक आदानप्रदान

दोन संस्कृतींचा कलेच्या क्षेत्रात संबंध आला की त्याचे वर्णन ‘प्रभाव’ या एकाच शब्दाने करण्याचा प्रघात आहे. हा शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. प्रभाव म्हटला की कोणी तरी देणारा आणि कोणी तरी घेणारा, अशी विभागणी आपोआपच होते. आणि युरोप व भारत यांच्या बाबतीत तर देणारा कोण व घेणारा कोण, हे तपासापूर्वीच ठरून गेलेले असते. वस्तुतः कलावंत जे घेतो ते त्याच्या पूर्वसंस्कारांनी घडविलेल्या दृष्टीतूनच घेतो. आणि जे घेतो ते त्याला कोणी तरी, कोठे तरी, कोणत्या तरी व्यवस्थेमार्फत उपलब्ध करून दिलेले असते. या दुसऱ्या अंगाला येथे ‘आतिथ्य’ ही संज्ञा योजिली आहे. परक्या कलावंताला काम करण्यास जागा, पाहण्यास चित्रे, बोलण्यास समानधर्मी माणसे आणि निर्वाहाचे साधन मिळण्याची जी प्रत्यक्ष व्यवस्था, ते कलेतील आतिथ्य होय.

या दृष्टीने विचार करण्यासारखे एक उदाहरण नागपूरच्या अभ्यासकांना अगदी जवळचे आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप’ या मंडळाची स्थापना झाली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे सहा संस्थापक. यांपैकी रझा व गाडे या दोघांचे कलाशिक्षण नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले होते. आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास बहुधा मुंबईपासून सुरू करण्यात येतो, आणि त्यामुळे नागपूरचा हा दुवा एखाद्या तळटीपेइतकाच उरतो.

१. नागपूरची पूर्वपीठिका

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हे राजधानीचे शहर होते. मराठी वऱ्हाड-नागपूर आणि हिंदी महाकोशल हे दोन्ही भाग एकाच प्रांतात मोडत असल्याने जबलपूर, दमोह, मंडला या बाजूचा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी नागपुरास येणे स्वाभाविक होते. रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस असल्याने नर्मदेच्या खोऱ्यातील दाट अरण्य हाच त्यांच्या बालपणाचा परिसर होता. दमोह येथील शालेय शिक्षण संपवून ते नागपुरास आले आणि १९३९ ते १९४३ या काळात बापूराव आठवले यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला.

गाडे यांचा मार्ग निराळा होता. ते अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील; जन्म १९१७ चा. नागपूर विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन केले. विज्ञानाच्या या बैठकीमुळे रंगांच्या परस्परसंबंधाकडे ते काहीशा शास्त्रीय जिज्ञासेने पाहत असत. एक अरण्यात वाढलेला, दुसरा प्रयोगशाळेतून आलेला. परंतु निसर्गदृश्य हाच दोघांचाही आरंभीचा विषय होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या काळच्या कलाशाळांतील शिक्षणक्रम ब्रिटिश पद्धतीचा होता. वस्तूचे हुबेहूब रेखाटन, छायाप्रकाशाचा अभ्यास, यथार्थदर्शनाचे नियम आणि जलरंगातील निसर्गचित्रण यांवर त्यात भर असे. तेव्हा ‘युरोपीय कला’ नागपूरच्या विद्यार्थ्याला अपरिचित होती असे म्हणता येणार नाही. मात्र परिचित होती ती तिची एकच, आणि युरोपात तोवर मागे पडलेली, अवस्था. सेझान, मातीस, पिकासो यांनी चित्राच्या कल्पनेत जी उलथापालथ केली होती, ती या शिक्षणक्रमाच्या कक्षेबाहेर होती. राजसत्तेने आणलेला युरोप आणि कलावंतांनी घडविलेला युरोप यांत सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर पडले होते. हे अंतर भरून निघाले ते एका अनपेक्षित मार्गाने.

२. मुंबईतील निर्वासित

१९३३ साली जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला आणि मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यात आला. या घटनांमुळे देशोधडीस लागलेल्या माणसांपैकी काही मुंबईस आली. रूडॉल्फ फॉन लायडेन हे मूळचे बर्लिनचे, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. ते १९३३ मध्येच आले आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक म्हणून प्रसिद्धीस आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे पत्नी ज्यू असल्याने ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणानंतर देश सोडून आले व त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक झाले. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी मुंबईत औषधनिर्मितीचा व्यवसाय उभारला व ते चित्रसंग्राहक म्हणून नावारूपास आले. यांशिवाय प्रागमधून आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबई नभोवाणीवर होते. व्हिएन्नाच्या नर्तकी हिल्डे होल्गर यांनी मुंबईत नृत्यशाळा चालविली. आणि भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्या रशियन पत्नी, चित्रकर्त्री माग्दा नाखमन, १९५१ मध्ये निधन होईपर्यंत मुंबईतच चित्रे काढीत राहिल्या.

येथे एक विपरीत वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. युरोपने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांना मुंबईने आसरा दिला. परंतु तो आसरा निर्वेध नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धास आरंभ होताच हिंदुस्थान सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ ठरवून अटकेत घेतले. त्यांत नाझी समर्थक आणि नाझींपासून पळून आलेले निर्वासित असा भेद आरंभी करण्यात आला नाही. अहमदनगर येथे त्यांची छावणी होती. चौकशीअंती अनेक निर्वासितांना सोडून देण्यात आले. म्हणजे ज्या नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते, त्याच शहराने त्यापूर्वी थोडाच काळ हे दुसरे बंदिवान पाहिले होते.

या निर्वासितांचे कार्य ‘आधुनिकतेची शिकवण’ असे म्हणून संपत नाही. त्यांनी तीन निरनिराळ्या उणिवा भरून काढल्या. लँगहॅमर यांच्या नेपियन सी रोडवरील घरी रविवारी तरुण चित्रकार जमत; तेथे युरोपीय चित्रांच्या उत्तम प्रतिकृती पाहावयास मिळत आणि स्वतः लँगहॅमर हाती कुंचला घेऊन रंगलेपनाची मुक्त पद्धत समजावून देत. लायडेन यांनी या तरुणांविषयी लिहून वाचकवर्ग तयार केला. घरकाम व मोटारी धुण्याचे काम करून चित्रे काढणाऱ्या आरांसारख्या कलावंताची गुणवत्ता प्रथम हेरणाऱ्यांत ते होते. श्लेसिंगर यांनी ही चित्रे विकत घेतली. मार्गदर्शक, समीक्षक आणि ग्राहक ही तीन स्थाने एकाच वेळी भरली गेली. आणि नव्या कलेला ती तिन्ही आवश्यक असतात. प्रोग्रेसिव्ह मंडळाचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये भरले तेव्हा ही भूमी तयार झालेली होती.

रझा मध्यप्रांत सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९४३ साली मुंबईस आले, परंतु वेळेवर न पोचल्याने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील तो प्रवेश हुकला. नागपूरला परत न जाता त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, मोकळ्या वेळात मुंबईचे रस्ते रंगविले आणि यथावकाश जे. जे. मध्ये प्रवेश मिळविला. या काळातील त्यांची जलरंगचित्रे तरल, वेगवान आणि रंगाच्या ओघळांवर भिस्त ठेवणारी आहेत. नागपूरचा निसर्गचित्रणाचा संस्कार आणि लँगहॅमर यांचा अभिव्यक्तिवादी मोकळेपणा, दोन्ही त्यांत दिसतात.

३. ‘बांधणी’चा प्रश्न

१९४८ साली रझा काश्मिरात चित्रे काढीत असताना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी त्यांची भेट झाली. चित्रांत प्रतिभा आहे पण बांधणी नाही, चित्र हे इमारतीसारखे पायापासून उभारावे लागते, तेव्हा सेझानचा अभ्यास करा, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. रझा यांनी आयुष्यभर या भेटीचा उल्लेख आपल्या वाटचालीतील वळण म्हणून केला.

‘बांधणी’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट होणे जरूर आहे. परंपरागत यथार्थदर्शनात चित्रातील खोली ही एका स्थिर डोळ्याच्या दृष्टिकोणातून, रेषांच्या गणिताने साधली जाते. सेझानने खोलीचा हा भार रंगांवर टाकला. उष्ण व शीत रंगांचे छोटे छोटे पट्टे शेजारी ठेवले की काही पुढे येतात, काही मागे सरतात. आणि त्या ताणातून डोंगर, घर किंवा फळ यांना घनता प्राप्त होते. असा प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर अवलंबून असतो; एक हलविला तर सगळे चित्र डळमळते. चित्र दृश्याची नक्कल न राहता स्वतःच्या नियमांनी उभे राहते.

मराठी अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध रचनेत असते असे प्रतिपादिले आणि संवाद, विरोध व समतोल ही त्या लयीची तीन तत्त्वे सांगितली. सेझानच्या चित्रातील रंगपट्ट्यांचा व्यवहार या तीन तत्त्वांच्या भाषेत जवळजवळ तंतोतंत मांडता येतो. मर्ढेकर आणि रझा यांच्यात प्रत्यक्ष संबंध होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. एकाच दशकात मराठी सौंदर्यशास्त्र आणि मुंबईची चित्रकला एकाच प्रश्नाला भिडत होती, आणि दोहोंनी युरोपीय विचाराचा उपयोग स्वतःच्या गरजेतून केला, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. प्रश्न स्वतःचा असल्याशिवाय परके उत्तर उपयोगी पडत नाही.

४. पॅरिसचे स्वागत

रझा यांनी मुंबईत फ्रेंच भाषेचा अभ्यास केला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळविली आणि १९५० च्या अखेरीस ते पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाविद्यालयात दाखल झाले. सूझा त्यापूर्वीच, १९४९ मध्ये, लंडनला गेले होते. १९५१ च्या ‘ओ द कान्य’ या चित्रात रझा यांनी ‘बांधणी’चा धडा किती काटेकोरपणे गिरविला हे दिसते. मुंबईच्या जलरंगातील ओघळ येथे नाहीत. घरे कडेकोट भौमितिक आकारांत, एखाद्या लघुचित्राप्रमाणे सपाट पृष्ठावर बसविली आहेत. १९५२ मध्ये सें-प्लासीद या कलादालनात रझा, सूझा व अकबर पदमसी यांची चित्रे एकत्र मांडण्यात आली. १९५६ साली रझा यांना पॅरिसच्या समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

या स्वागताचे कारण फ्रेंच स्वभावाच्या औदार्यात शोधणे अपुरे ठरेल. त्याच वर्षांत फ्रान्स इंडोचायनात १९५४ पर्यंत, व त्यानंतर अल्जीरियात १९६२ पर्यंत वसाहती राखण्यासाठी लढत होता. पॅरिसचे दार उघडे होते ते काही विशिष्ट संस्थांमुळे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या होत्या. कलावंताशी दीर्घ मुदतीचा करार करणारी खाजगी कलादालने होती, आणि अशा लारा व्हिन्सी दालनाशी रझा यांचा संबंध अनेक वर्षे टिकला. वृत्तपत्रांतून गांभीर्याने लिहिणारा समीक्षकवर्ग होता. शिवाय ‘पॅरिस-संप्रदाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलावंतांत इटलीचे मोदिल्यानी, रशियातून आलेले शागाल यांच्यासारखे परदेशी पूर्वीपासूनच होते, आणि चिनी चित्रकार झाव वू-की हे १९४८ मध्ये येऊन दाखल झाले होते. परक्याने येऊन शहराच्या कलेत भर घालावी, ही तेथील रूढीच झाली होती. मुंबईत मूठभर निर्वासितांनी जे काम व्यक्तिशः केले, तेच पॅरिसमध्ये संस्थांच्या द्वारे होत होते. दोहोंतील फरक टिकाऊपणाचा आहे. लँगहॅमर १९५७ मध्ये भारत सोडून गेले आणि त्यांचे ते घर बंद झाले. संस्था मात्र माणसे बदलली तरी चालू राहतात.

५. बिंदूचे दोन उगम

रझा यांनी १९५९ मध्ये फ्रेंच चित्रकर्त्री जानीन मोंजिया यांच्याशी विवाह केला आणि पॅरिस व दक्षिणेकडील गोर्बिओ हे खेडे येथे सुमारे सहा दशके वास्तव्य केले. १९८० च्या सुमारास ‘बिंदू’ हा त्यांच्या चित्रांचा केंद्रवर्ती आकार झाला. मंडल्याच्या परिसरातील प्राथमिक शाळेत चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकाने भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले, ही आठवण ते या संदर्भात सांगत. ‘माँ’ या १९८१ च्या चित्रात त्यांनी अशोक वाजपेयी यांची हिंदी काव्यपंक्ती देवनागरीत लिहिली. ‘सौराष्ट्र’ (१९८३) या चित्रातील चौकटींची मांडणी व तप्त रंग राजस्थानी-पहाडी लघुचित्रांची आठवण करून देतात.

यावरून ‘युरोपात हरवलेला कलावंत अखेर स्वदेशी परतला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सोपा आहे, पण पुराव्याशी जुळत नाही. काळे वर्तुळ त्यांच्या चित्रांत बिंदू हे नाव मिळण्यापूर्वी कितीतरी आधी, १९५० च्या दशकातील निसर्गचित्रांत, काळ्या सूर्याच्या रूपाने आलेले आहे. म्हणजे आकार फ्रान्समध्ये, रचनेच्या गरजेतून हाती लागला. त्याचा अर्थ पुढे भारतीय स्मृतीतून भरला गेला. बिंदूचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर त्यातील काळ्या केंद्राभोवतीचे रंगपट्टे एकमेकांना तोलून धरतात ते सेझानच्या पद्धतीने, आणि ज्या भावाची सूचना करतात तो भारतीय परंपरेतला. यांतील एक वजा केले तर दुसरे उभे राहत नाही. आदानप्रदान पूर्णत्वास गेल्याची खूण हीच मानावी की त्याचे घटक पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

उलट दिशेनेही असेच घडले. लायडेन यांचे लक्ष मुंबईच्या नव्या चित्रांवरून हळूहळू गंजिफांकडे वळले. सावंतवाडीसह भारताच्या निरनिराळ्या भागांत हातांनी रंगविल्या जाणाऱ्या या गोल पत्त्यांचा त्यांनी अनेक वर्षे संग्रह व अभ्यास केला, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा गंजिफांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिकतेचा दूत म्हणून ज्याची गणना होते, तो अखेर एका देशी कारागिरीचा विद्यार्थी झाला.

६. आतिथ्याच्या मर्यादा

सर्वांच्याच वाट्याला सारखे स्वागत आले नाही. बाकरे १९५१ मध्ये लंडनला गेले. तेथे उपजीविकेसाठी त्यांना इतर कामे करावी लागली. १९७५ मध्ये ते परतले आणि कोकणातील मुरुड येथे २००७ पर्यंत बऱ्याच अंशी विस्मृतीत राहिले. गाडे मुंबईतच राहिले. रंगांच्या बांधणीचा प्रश्न त्यांनी रझांइतक्याच निष्ठेने, पण युरोपात न राहता हाताळला. आज रझांवर विपुल ग्रंथसंपदा उपलब्ध आहे. गाडे यांच्यावरील लेखन तुलनेने अत्यल्प आहे. परदेशच्या मान्यतेने मायदेशीची कीर्ती ठरावी, ही या आदानप्रदानाची एक किंमत होय.

याहून गंभीर उदाहरण मंडल्याच्याच मातीतले आहे. त्या जिल्ह्यातील पाटनगढ या गावी, जेथे इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी पूर्वी वास्तव्य केले होते, परधान-गोंड समाजात जनगढ सिंह श्याम यांचा जन्म झाला. भोपाळच्या भारत भवनमार्फत त्यांची चित्रे पुढे आली आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलेल्या, जगभरच्या कलावंतांना समान मानू पाहणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात ती लावली गेली. परंतु २००१ मध्ये जपानातील एका संग्रहालयासाठी काम करीत असताना, घरापासून दूर, त्यांनी आत्महत्या केली. भाषा, शिष्यवृत्ती, सहकारी, दालनाशी करार, कुटुंब हे सारे रझा यांना लाभले होते. चित्राला निमंत्रण देणे आणि चित्रकाराचा सांभाळ करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याच्या उलट, डहाणूकडील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी आपले गाव व शेती न सोडता २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत बरोबरीच्या नात्याने प्रदर्शन केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

७. समारोप

या विवेचनावरून कलेतील आदानप्रदानाच्या अभ्यासास उपयोगी पडतील अशा तीन कसोट्या हाती येतात. पहिली, स्वागत कोणत्या संस्थांनी वा व्यक्तींनी, कोणत्या साधनांनी केले हे नेमके दाखविता आले पाहिजे. ‘वातावरण’ हे त्याचे उत्तर नव्हे. दुसरी, येणाऱ्या कलावंताजवळ कोणता प्रश्न आधीच होता याचा शोध घेतला पाहिजे. तिसरी, यजमानाला काय मिळाले हेही तपासले पाहिजे. कारण यजमान बदलला नसेल तर देवघेव झाली असे म्हणता येत नाही.

जानीन यांचे २००२ मध्ये निधन झाले. २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीस परतले, २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. २०२३ मध्ये पाँपिदू केंद्राने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. मंडला, मुंबई आणि पॅरिस या तिन्ही ठिकाणी त्यांची स्मृती अशा प्रकारे जपली गेली आहे. ज्या शहरात या प्रवासाची पहिली चार वर्षे गेली, त्या नागपुरात मात्र रझा व गाडे यांच्या विद्यार्थिदशेविषयीची साधने—शाळेची कागदपत्रे, परीक्षांसाठी काढलेली चित्रे, समकालीन विद्यार्थ्यांच्या घरी राहिलेले कागद व छायाचित्रे—एकत्र करून त्यांचा पद्धतशीर अभ्यास होणे अगत्याचे आहे. पॅरिसने काय दिले याचे मोजमाप करण्यासाठी नागपूरहून काय नेले होते, हे आधी कळावयास हवे.